आजीच्या कापण्या, आईची नानखटाई

सणावाराच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्या फराळाने भरून जातात. चकली कुरकुरीत कशी व्हावी, अनारसे तुपात का विरघळतात, करंजीला पदर कसे सुटावेत, याची चर्चा पानभर चालते. त्यात वाईट काही नाही. परंतु त्या पानांवर आपल्या वस्तीतील चूल सहसा दिसत नाही. जणू आपल्या आया-आज्यांनी आयुष्यभर फक्त भाकरीच थापली आणि लेकरांच्या हातावर ठेवायला गोडाधोडाचे काही केलेच नाही!

केले. पुष्कळ केले. गूळ महाग असताना केले, रेशनच्या रांगेत उभे राहून साखर आणून केले. लिहून मात्र ठेवले नाही.

भगिनींनो, आजचा हा लेख त्यातल्याच एका लहानशा गोष्टीवर, म्हणजे घरच्या बिस्किटांवर आहे. बिस्किट म्हटले की आजच्या मुलांच्या डोळ्यांपुढे दुकानातला पुडा येतो. पण पुडा घराघरांत पोहोचण्याआधी आपल्या शिरूर-दौंड भागात दोन पदार्थ पत्र्याच्या डब्यात असत. एक चुलीवर तळलेल्या गुळाच्या कापण्या आणि दुसरा बेकरीच्या भट्टीत भाजून आणलेली नानखटाई. पहिला आजीच्या हातचा, दुसरा आईच्या हातचा. तिसऱ्या पिढीपर्यंत ते कसे आले आणि चौथ्या पिढीपर्यंत कसे न्यायचे, हे आज पाहू.

दोन तालुके, दोन डबे

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके. अंतर थोडे, सोयरिकी भरपूर. तरी दोहोंची घडण वेगळी. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. पुणे-नगर रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. इथे आजही रेल्वे नाही. धरणे आणि कालवे होण्यापूर्वी तालुक्याचा बराच भाग पावसाच्या भरवशावर. ज्वारी-बाजरी हेच मुख्य धान्य, गहू पाहुण्यांपुरता.

दौंड म्हणजे भीमेकाठचे रेल्वेचे गाव. पुणे-सोलापूर मार्गावरच्या या ठिकाणाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. रेल्वे आली तशी खलाशी, गँगमन, पोर्टर, फायरमन अशी कामे आली. गावकीच्या कामातून बाहेर पडू पाहणाऱ्या आपल्या अनेक माणसांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार देणारी ही नोकरी होती. आणि रेल्वेच्या वसाहतीबरोबर चहा, पाव आणि बिस्किट हेही आले.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, शिरूर तालुक्यातील एका वाडीची. माझी आई दौंडच्या रेल्वे गँगमनची मुलगी. आजीच्या डब्यात कापण्या आणि आईच्या माहेरच्या डब्यात नानखटाई. आई लग्न होऊन शिरूरला आली तेव्हा दोन्ही डबे एका फळीवर आले. आपल्या भागात अशी शेकडो घरे असतील. म्हणून घरची गोष्ट असली तरी ती सर्वांची समजून सांगते.

आखाडातल्या कापण्या

आषाढाला आपल्याकडे आखाड म्हणतात. पेरण्या आटोपलेल्या, बाहेर भुरभुर पाऊस, घरात काम थोडे. या महिन्यात कढई चुलीवर चढवून काहीतरी तळायचे, याला 'आखाड तळणे' म्हणत. गुळाच्या पाण्यात कणीक मळून, जाडसर लाटून, शंकरपाळ्यासारखे काप करून तळले की झाल्या कापण्या. सासरी गेलेल्या लेकीकडे त्यांचा डबा पोहोचवायची पद्धत होती.

१९५६ नंतर आपल्या घरांतून देव्हारे गेले, नैवेद्य गेले, उपास-तापास गेले. पण आषाढातला पाऊस तसाच राहिला आणि लेकरांची भूकही तशीच राहिली. त्यामुळे कापण्याही राहिल्या, फक्त त्यांची जागा बदलली. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. वाचन संपल्यावर मुलांच्या हातावर ठेवायला आजी कापण्यांचा डबा घेऊन जाई. नैवेद्याच्या पानातून उठून पदार्थ लेकरांच्या ओंजळीत आला. धर्मांतर म्हणजे काय बदलले, हे आजीला भाषणात सांगता आले नसते, पण डब्याने ते सांगितले.

गहू परवडत नसे तेव्हा आजी अर्धी बाजरी घाली. बाजरीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गुळाच्या उकळत्या पाण्यात भिजवून, वाफ धरून, मग मळावे लागे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. आजीने मिलोच्या पिठाच्याही कापण्या करून पाहिल्या होत्या. तेलात टाकल्या की फुटत, असे ती सांगे. मग तिने त्या तव्यावर भाजल्या. सांगायचा मुद्दा असा की, पदार्थाची कृती म्हणजे त्या घराच्या मिळकतीचा इतिहासही असतो. कोणत्या वर्षी गूळ होता, कोणत्या वर्षी नव्हता, तेल किती होते, हे सारे त्या कृतीत असते.

बिस्किट आणि विटाळ

आता नानखटाईकडे वळू. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ भाकरी किंवा रोटी. 'खटाई'चा अर्थ निरनिराळे लोक निरनिराळा लावतात. हा पदार्थ सुरतेचा, असे सांगितले जाते. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्या पुढे पारशी बेकरीवाल्यांकडे आल्या. पावात ताडी आणि अंडे असल्याच्या शंकेने गिऱ्हाईक बिचकू लागले, तेव्हा ताडी-अंड्याशिवायचे कोरडे, खुसखुशीत खाणे तयार झाले, ती नानखटाई, अशी तेथील दोटीवाला बेकरीची परंपरा सांगते.

गिऱ्हाईक का बिचकत होते? कारण एकाच्या हातचे दुसऱ्याने खायचे नाही, हा आपल्या देशाचा जुना रोग. आज चहा-बिस्किट ही सर्वांत साधी पाहुणचाराची गोष्ट आहे. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पाव आणि बिस्किट खाणे म्हणजे जात बुडवणे होते. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींनी परमहंस सभा काढली. ती गुप्त सभा होती. जात मानत नाही याची खूण म्हणून नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा खाण्यासाठी गुप्त सभा काढावी लागली, यावरून काळाची कल्पना यावी.

आपल्या पुण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातील नामांकित मंडळी जमली होती. तेथे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात गदारोळ उठला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताचे वाद वर्षानुवर्षे चालले. एका कप चहाचे आणि बिस्किटाचे हे प्रकरण!

त्याच शतकाच्या अखेरीस दिल्लीत 'हिंदू बिस्किट' नावाचा कारखाना निघाला. बिस्किटाला उच्चवर्णीयांचेच हात लागतात, असे सांगून तो माल विकला जाई. म्हणजे बिस्किट चालेल, पण हात आमच्याच जातीचे हवेत!

हे सारे सांगण्याचे कारण असे की, ज्या वस्तूला शिवायला ही मंडळी घाबरत होती, ती आपल्या लोकांनी निःशंकपणे जवळ केली. इराण्याचे हॉटेल, मुसलमानाची बेकरी, मिशनची शाळा या ठिकाणी आपल्याला बाकावर बसता येत होते, पैसे देऊन पदार्थ हातात मिळत होता. गावातील हॉटेलात मात्र आपल्यासाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात ठेवलेली असे आणि ती आपणच धुवायची असे. हे आपल्या वडिलधाऱ्यांनी भोगले आहे. म्हणून आमच्या आईच्या माहेरी बिस्किटाचे अप्रूप होते, ते केवळ गोडीचे नव्हते.

भट्टीपुढची रांग

घरोघरी ओव्हन नव्हते, आजही आपल्यातील बहुतेकांकडे नाहीत. मग नानखटाई व्हायची कशी? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या बेकऱ्यांपुढे बायकांची रांग लागे. मैदा किंवा कणीक, पिठीसाखर आणि डालडा आपला. भट्टी, पत्र्याचे ट्रे आणि हात बेकरीवाल्याचा. तो किलोमागे भाजणावळ घेई.

लाकडाच्या भट्टीचे काम समजून घेण्यासारखे आहे. पहाटे लाकडे पेटवून भट्टीचा दगड-विटांचा घुमट तापवतात. निखारे बाजूला ओढले की कडक उष्णतेवर आधी पाव भाजतात. पाव निघाल्यावर भट्टी हळूहळू उतरू लागते. त्या मध्यम उष्णतेवर नानखटाई आणि बिस्किटे. शेवटी उरलेल्या मंद धगीवर टोस्ट वाळवायचे. एका जळणात तीन कामे. म्हणूनच बेकरीवाले बायकांना दुपारी बोलावत. सकाळी नेले तर नानखटाई वरून करपे आणि आतून कच्ची राही.

प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी असे. आई सांगते, तिच्या आईला लिहिता येत नव्हते, म्हणून चौथीतल्या आईला ती मुद्दाम बरोबर नेई. चिठ्ठीवर नाव, आडनाव आणि रेल्वे चाळीचा नंबर आई लिही. मग तो ट्रे रांगेत लागे. एका बाजूला पेठेतल्या कोणा बाईंचा, दुसऱ्या बाजूला मोहल्ल्यातल्या खालाचा. एकाच भट्टीत, एकाच धगीवर. ज्या बाईंनी एरवी आपल्या घरचे पाणी घेतले नसते, त्यांचा ट्रे आपल्या ट्रेला लागून भाजून निघे, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. भट्टीने जात मोडली, असे मी म्हणणार नाही. बाहेर आल्यावर जो तो आपापल्या घरी जाई. पण तेवढा वेळ तरी आपले नाव इतरांच्या नावाच्या ओळीत होते, हे आईला सत्तरीतही आठवते.

कृती पहिली: गुळाच्या कापण्या

साहित्य: चिरलेला गूळ १ वाटी, पाणी अर्धी वाटी, कणीक अडीच वाट्या, बेसन पाव वाटी, मोहनासाठी तेल ३ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ किंवा बडीशेपेची पूड, वरून लावायला तीळ किंवा खसखस, तळायला तेल.

पाण्यात गूळ घालून मंद आचेवर विरघळवावा. उकळून पाक करू नये, पाक झाला की कापण्या दगडासारख्या होतात. गुळाचे पाणी गाळून कोमट करावे. कणीक, बेसन, मीठ, सुंठ एकत्र करून त्यावर कडकडीत मोहन घालावे आणि हाताने चोळावे. मूठ दाबली की पिठाचा मुटका वळला पाहिजे, ही मोहन पुरेसे झाल्याची खूण. गुळाच्या पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवावे. कोरडे वाटल्यास पाण्याचा हात लावावा. पोळीपेक्षा जाड लाटून वर तीळ पसरावेत व लाटणे एकदा हलके फिरवावे, म्हणजे तीळ तेलात सुटत नाहीत. सुरीने काप करून मंद आचेवर तांबूस तळावेत. गूळ लवकर करपतो, म्हणून घाई करू नये. कढईतून काढताना मऊ वाटतात, गार झाल्यावर खुटखुटीत होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भराव्यात, पंधरा दिवस सहज टिकतात.

गुळाबद्दल एक सूचना. दौंड तालुक्यात उसाची गुऱ्हाळे आहेत, गूळ जवळच मिळतो. दिसायला फार पिवळाधमक गूळ घेण्याऐवजी काळपट-तांबूस गूळ घ्यावा. आजीचा शब्द असा की, कापणीचा रंग गुळाचा असावा, तळण्याचा नसावा.

कृती दुसरी: आईची नानखटाई

साहित्य: मैदा ३५० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, बारीक रवा ५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, चिमूटभर मीठ, वेलची व जायफळाची पूड.

तूप घट्ट गोठलेले असावे, पातळ तुपाची नानखटाई पसरते. परातीत तूप घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसावे. पंधरा-वीस मिनिटांत ते पांढरे आणि हलके होते. वाटीभर पाण्यात थेंब टाकावा, तो तरंगला की तूप झाले. मग थोडी थोडी पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे. मैदा, बेसन, रवा, सोडा व मीठ दोनदा चाळून त्यात मिसळावे. येथे कणकेसारखे मळायचे नाही, नुसते गोळा करायचे. मळले की नानखटाई चिवट होते. अर्धा तास झाकून ठेवून लिंबाहून लहान गोळे करावेत, किंचित दाबावेत आणि अंतर ठेवून ट्रेमध्ये मांडावेत.

वर्षानुवर्षे हिशेबाचे काम करणारी मी बी. कॉम. बाई. त्यामुळे हिशेबही देते. वरील साहित्याचा एकूण गोळा साधारण १ किलो होतो. २० ग्रॅमचा एक गोळा धरला तर ५० नग. बेकरीत १ किलो पीठ, अर्धा किलो साखर, अर्धा किलो तूप असे नेले की १०० नग. पीठ दोन भाग, साखर एक भाग, तूप एक भाग हे प्रमाण पाठ करून ठेवा. ते चुकत नाही.

बेकरी जवळ नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा जुन्या कुकरमध्ये तळाला दोन वाट्या जाडे मीठ पसरा. त्यावर तिवई ठेवून झाकण लावा आणि दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा. कुकरची शिटी आणि रबर काढायला विसरू नका. तेल लावलेल्या ताटलीत नानखटाई मांडून तिवईवर ठेवा. मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटांत ती होते. वरून फिकट, बुडाला तांबूस आणि अंगावर बारीक भेगा, ही खूण. ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे.

आईच्या माहेरी डालडा वापरत. १९३७ साली बाजारात आलेल्या या पिवळ्या डब्याने गरिबाच्या घरी तुपाची हौस भागवली. आज आपल्याला ठाऊक आहे की वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असते. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही साजूक तूप परवडेल तितके घालावे, निम्मे-निम्मे केले तरी चालेल. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर त्याला एकच द्या. घरची आहे म्हणून साखर कमी होत नाही.

पुस्तकात आपण कुठे आहोत?

मराठीत पाककलेची पुस्तके काही कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालचे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घरोघर गेले. त्या बायकांनी आपापल्या स्वयंपाकघरातले ज्ञान लिहिले. तो त्यांचा हक्क होता. आपल्या स्वयंपाकघरातले ज्ञान लिहिणे हे आपले काम होते, आणि ते फार उशिरा सुरू झाले.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. आपल्या बायका काय शिजवत, काय खात आणि किती उपाशी राहत, हे त्यातून जगाला कळले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' नावाचे पुस्तक काढले. प्रा. शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकारी-विद्यार्थिनींनी दलित घरांतील खाण्याच्या आठवणी आणि पाककृती त्यात गोळा केल्या. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक २०१५ साली आले. २०२४ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि देशभर चर्चा झाली. रस्ता पडला आहे. आता आपल्या शिरूर-दौंडच्या, घोड आणि भीमेकाठच्या घरांनी त्यात भर घालायची आहे.

वाटीला वजन द्या

अडचण अशी की आपल्या आज्यांना प्रमाण विचारले तर त्या म्हणतात, "अंदाजानं घाल." हा अंदाज पन्नास वर्षांचा असतो. तो त्यांच्या हाताबरोबर जातो. आमच्या शेजारच्या एका मावशींच्या हातच्या खाऱ्या बिस्किटांची चव साऱ्या आळीला ठाऊक होती. मावशी गेल्या. त्यांच्या तिन्ही सुनांनी करून पाहिली, तशी झाली नाहीत. कोणी विचारून ठेवले नव्हते.

यावर माझी साधी युक्ती आहे. दुकानाचा हिशेब आपण कसा काढतो? आरंभीचा साठा वजा अखेरचा साठा, म्हणजे झालेला वापर. तसेच येथे करावे. आजी कामाला बसण्यापूर्वी पिठाचा, साखरेचा आणि तुपाचा डबा वजन करून घ्या. त्यांना मोजायला सांगू नका. त्या नेहमीप्रमाणे मुठीने, ओंजळीने घालू देत. काम झाले की डबे पुन्हा वजन करा. जो फरक येईल तो त्यांचा अंदाज. आजींना त्रास नाही आणि आपल्याला ग्रॅममध्ये प्रमाण मिळते.

वाटीवर मात्र विसंबू नका. आमच्या घरच्या एकाच वाटीत कणीक सुमारे १०० ग्रॅम बसते, साखर १५० ग्रॅम आणि पातळ तूप १६५ ग्रॅम. शिवाय प्रत्येक घरची वाटी वेगळी. वाटीने लिहायचे असेल तर तीच वाटी डब्यात जपून ठेवा, किंवा ती किती ग्रॅमची हे वहीत लिहा.

आणि खुणा लिहा. 'तांबूस होईपर्यंत' एवढे पुरत नाही. थेंब तरंगतो, मुटका वळतो, भेगा पडतात, वास सुटतो, तेलातले बुडबुडे कमी होतात. आजी घड्याळाकडे पाहत नव्हत्या, या खुणांकडे पाहत होत्या.

पुड्याच्या काळात

कोणी म्हणेल, पाच-दहा रुपयांत पुडा मिळतो, एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीने १९२९ मध्ये सुरुवात करून पुढे दहा वर्षांनी बिस्किटे काढली. त्या स्वस्त पुड्याने कष्टकऱ्यांच्या मुलांची भूक भागवली, हे नाकारता येणार नाही. विलेपार्ल्याचा तो कारखाना २०१६ साली बंद झाला, पण पुडा गावोगाव आहे. आपल्याच शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ब्रिटानिया कंपनीचा मोठा बिस्किट कारखाना आहे. कामावर जाणाऱ्या बाईने रोज कापण्या तळाव्यात, असे मी सांगणार नाही. आठ तासांची ड्यूटी करून आल्यावर कढई चढवण्याचे ओझे पुन्हा बाईच्याच डोक्यावर नको. सुट्टीच्या दिवशी घरातील मुलगे आणि पुरुषही परातीत तूप फेसायला बसू देत. हाताला जोर तर त्यांच्याही आहे!

दुसरीकडे भट्ट्या बदलत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश दिले. धुराने होणारा त्रास खरा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गॅसवर किंवा विजेवरही नानखटाई उत्तम होते. पण घरचे साहित्य भाजून देणारी बेकरी तुमच्या गावात अजून असेल तर तिच्याकडे जा, विचारा. गिऱ्हाईक गेले की ही सोय बंद होते.

या सुट्टीचे काम

तेव्हा माता-भगिनींनो, एक काम करा. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर घराण्याचे मोठे नाव नको, त्या बाईचे नाव लिहा जिच्या हातची ही कृती आहे. तिचे माहेर लिहा, सासर लिहा. ती कोणत्या कामावर होती, शेतावर, रेल्वे चाळीत की वीटभट्टीवर, तेही लिहा. कोणत्या साली तिने गुळाऐवजी साखर घातली, मिलो कधी वापरला, डालडा कधी सोडला, हे विचारा. मग कृती लिहा, वजनासह आणि खुणांसह. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या नातीला द्या. आजी सांगेल, नात लिहील.

ज्या वस्तीत महिला मंडळ किंवा बचत गट आहे, त्यांनी विहारात एक दिवस ठरवून सर्व वयस्क भगिनींना बोलवावे. एक वजनकाटा, एक परात आणि एक वही एवढेच सामान लागते. पाच जणींच्या कृती लिहून झाल्या तरी पुष्कळ. पुढे कोणाला विक्री करायची इच्छा झाली तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी लागते. तो पुढचा विषय आहे, आधी कृती हातात असली पाहिजे.

आमच्या घरच्या वहीत आतापर्यंत अकरा कृती झाल्या आहेत. आजी आता नाही, तिच्या कापण्या आईने सांगितल्या. बाजरीच्या कापण्यांचे प्रमाण मात्र अजून नीट बसलेले नाही. आईला आठवते त्या मापाने केल्या तर दोनदा मोडल्या. शिरूर, पाबळ, कवठे, मांडवगण किंवा दौंड, केडगाव, पाटस या बाजूच्या कोणा आजींना ते ठाऊक असेल तर त्यांच्या घरच्यांनी जरूर लिहून कळवावे. कृतीबरोबर आजींचे नाव लिहायला विसरू नये.